बंडी आणि बाराबंदी

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले उभे राहतात, तलवारी खणखणतात, तहनामे आणि सनावळ्या आठवतात. शाळेतल्या मुलाला विचारा, तो आसईच्या लढाईची तारीख धडाधड सांगेल. पण त्याला जरा वेगळे विचारून बघा. “बाळ, त्या दिवशी आसई गावचा जो शेतकरी बैल घेऊन रानात गेला होता, त्याच्या अंगात काय होतं?” मुलगा गप्प बसेल. खरे सांगायचे तर आपणही गप्पच बसू. राजाच्या अंगावरच्या कपड्याची नोंद बखरीत सापडते, चित्रात सापडते. आपल्या पणजोबांच्या अंगातल्या कपड्याची नोंद कोणी ठेवली? म्हणून आज एका साध्या कपड्याची हकीकत सांगण्याचे योजिले आहे. तो कपडा म्हणजे बंडी, आणि तिची थोरली बहीण बाराबंदी.

प्रथम शब्द स्पष्ट करून घेऊ. कमरेपर्यंत येणारा, पुढून उघडा, बिनबाह्यांचा किंवा आखूड बाह्यांचा कपडा म्हणजे बंडी. बाह्या कोपरापर्यंत आल्या की काही भागांत तिला कोपरी म्हणतात. आणि पुढचा एक पदर दुसऱ्यावर घेऊन, बटणाऐवजी कापडी बंदांनी बांधायचा जो कपडा, ती बाराबंदी. बंद बारा, म्हणून नाव बाराबंदी. मराठवाड्यात, आपल्या जालना, अंबड, परतूर, भोकरदन या भागांत, धोतर, बंडी आणि डोक्याला पटका हा कष्टकरी माणसाचा वेष होता. आज हा वेष रस्त्यावर क्वचितच दिसतो. तो दिसतो गॅदरिंगमध्ये, लेझीमच्या पथकात आणि नाटकाच्या पेटीत. रोजचा कपडा आता सोंगाचा कपडा झाला आहे.

हे स्थित्यंतर समजून घेताना पहिली अडचण येते ती पुराव्याची. सरदाराचा जरीचा अंगरखा पेटीत जपून ठेवला जातो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात किंवा हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात गेलात तर असे उंची कपडे काचेआड पाहायला मिळतात. बंडीचे तसे नाही. ती अंगावर झिजते. फाटली की ठिगळ लागते, ठिगळावर ठिगळ लागते. मग लहान मुलाला तिच्यातून काही बेतले जाते, आणि त्यानंतरही जे धड उरते ते घरची म्हातारी गोधडीत घालते. राजाचा अंगरखा संग्रहालयात गेला आणि शेतकऱ्याची बंडी गोधडीत गेली! घरात एखादी जुनी गोधडी असेल तर तिचे थर जरा उलगडून पाहा. तिथे तुमच्या घराण्याचा इतिहास टाके घालून ठेवलेला आहे.

कापड टिकत नाही, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूत येथील शिलालेखांतही या गावाचे नाव येते. इथे १९७३ साली उत्खनन झाले आणि एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. इटलीतले पाँपेई हे शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तिथे १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे फार साम्य आहे. याच काळातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, या बाजारपेठांची नावे येतात, आणि तगरहून तऱ्हेतऱ्हेचे कापड भडोच बंदराकडे जात असे अशी नोंद आहे. म्हणजे आपला मुलूख दोन हजार वर्षांपूर्वी परदेशाला कापड पुरवीत होता. पण हस्तिदंत उरला आणि कापड मातीत गेले. मूर्तीच्या अंगावरचे दागिने आपण आज मोजू शकतो. ते कापड विणणाऱ्याच्या अंगावर काय होते ते मात्र दिसत नाही.

पुष्कळांचा असा समज असतो की शिवलेला कपडा आपल्याकडे फार उशिरा, बाहेरून आला, आणि त्याआधी सारे लोक नेसायचे आणि पांघरायचे एवढेच करीत. नेसण्या-पांघरण्याची पद्धत प्रमुख होती हे खरे. परंतु शिवण अगदीच नव्हती असे मात्र नाही. भोकरदनहून फार लांब नसलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांत जा. पाचव्या शतकातल्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रात एक नर्तकी आहे. तिच्या अंगात घट्ट बाह्यांचा, बेतून शिवलेला कपडा आहे. पुढे तेराव्या शतकात, १२७० साली जन्मलेले संत नामदेव हे शिंप्याच्या घरचे. हिंगोली जिल्ह्यातले नरसी हे गाव त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांच्या नावे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात जी पदे आहेत, त्यांतल्या एका पदात गज, कैंची, सुई आणि दोरा यांचेच रूपक योजले आहे. कैंचीने कापड बेतणे आणि सुईने शिवणे हा ज्यांच्या घरचा धंदा, त्यांनाच असे रूपक सहज सुचणार, नाही का?

आता जालना शहराकडे येऊ. “जालना, सोने का पालना” ही म्हण आपण सगळे जाणतो. ही पेठ इतकी संपन्न होती की १६७९ साली खुद्द शिवाजी महाराजांनी या मोगली शहरावर स्वारी केली. त्याच्याही आधी, अकबराच्या काळात, त्याचा प्रधान आणि इतिहासकार अबुल फजल याचा काही काळ जालन्यात मुक्काम होता असे जुने गॅझेटियर सांगते. या अबुल फजलने दख्खनेत येण्यापूर्वी ‘आईन-इ-अकबरी’ हा ग्रंथ लिहिला. त्यात बादशहाच्या कपडेपटाचे वर्णन आहे. ‘तकौचिया’ नावाचा हिंदुस्थानी पद्धतीचा, बिनअस्तराचा अंगरखा पूर्वी डाव्या बाजूला बांधीत. बादशहाने तो उजव्या बाजूला बांधण्याचा हुकूम केला. त्याला कापड लागे सात गज आणि सात गिरह. साधी शिलाई एक ते तीन रुपये. शोभेचे टाके घातले तर पावणेपाच रुपयांपर्यंत. शिवाय एक मिस्काल रेशीम. बघा, चारशे वर्षांपूर्वीच्या शाही अंगरख्याचे कापड, शिलाई आणि दोरासुद्धा आपल्याला ठाऊक आहे! त्याच जालन्याच्या बाजारात बसून रयतेची बंडी शिवणाऱ्या शिंप्याने किती कापड वापरले आणि त्याला किती मजुरी मिळाली, ते मात्र लिहून ठेवायला अबुल फजल नव्हता.

पण लिहिलेले नसले म्हणून वाचता येत नाही असे नाही. खुद्द बंडीच वाचायला शिकले पाहिजे. जुनी, हाताने शिवलेली बंडी हाती आली तर तिचे भाग नीट बघा. पाठ एका सलग चौकोनी तुकड्याची. पुढे दोन पट्ट्या. बाही असेल तर तीही सरळ. वळणदार काप फार थोडे. असे का? कारण हातमागाच्या कापडाचा पन्हा अरुंद असे आणि कापड महाग असे. वळण घेऊन कापले तर चिंध्या वाया जातात. चौकोनात कापले तर काहीच वाया जात नाही. सूत कातणाऱ्या बाईचे आणि मागावर बसलेल्या कोष्ट्याचे श्रम ज्याला ठाऊक होते, तो शिंपी कैंची जपूनच चालवीत असे.

बाह्यांच्या बंडीला बगलेत एक चौकोनी तुकडा तिरपा बसवलेला दिसेल. जुने कारागीर त्याला चौबगला म्हणत. वरवर पाहता ते ठिगळ वाटते, पण सगळी खुबी त्यातच आहे. हा तुकडा नसेल तर हात वर करताच बंडी कमरेपासून वर ओढली जाते आणि बगलेत टराटरा उसवते. तो असेल तर माणूस मोकळेपणाने तिफण धरू शकतो, खळ्यावर वारे देऊ शकतो, लेझीम डोक्यावर नेऊ शकतो. कष्ट करणाऱ्या शरीराची ओळख त्या टीचभर तुकड्यात आहे.

आणि बंद का? बटणे का नाहीत? बंद घरच्या चिंधीचा होतो. तुटला तर दुसरा लावता येतो. त्यासाठी बाजार गाठावा लागत नाही. दुसरे म्हणजे, बंदाने कपडा अंगाप्रमाणे सैल किंवा घट्ट करता येतो. बटणाची जागा ठरलेली असते, बंदाची गाठ माणसाच्या अंगाबरोबर पुढे-मागे सरकते. थोरल्याची बाराबंदी धाकट्याला होते. सुगीला अंग भरले तरी तीच, आणि १९७२ सारख्या दुष्काळात अंग उतरले तरी तीच. गरिबाच्या कपड्यात एवढा विचार असतो.

मग हे बंद गेले कसे? एका दिवसात गेले नाहीत. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आपल्या जिल्ह्यातल्या आसई गावाजवळ इंग्रज आणि मराठे यांची लढाई झाली. वेलस्लीबरोबर आलेल्या मद्रासी शिपायांच्या अंगात तांबडे, बटणांचे कोट होते. पुढे १८२७ साली जालन्याला छावणी बांधली गेली आणि तिथे १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची फौज राहिली. छावणी आली की गणवेश आला, आणि गणवेश आला की तो शिवणारा, उसवलेला दुरुस्त करणारा शिंपीही आला. खांद्याचे वळण, उभी कॉलर, बटणांची रांग ही नवी विद्या अशी पसरत गेली. गंमत अशी की बटण ज्या भोकात बसते त्याचे आपले नाव ‘काज’ हे मूळचे पोर्तुगीज, आणि कपड्यावर फिरवायची ‘इस्त्री’ही पोर्तुगीजच. अस्तर, दर्जी हे शब्द फारसी. एका बंडीत किती देशांचे टाके आहेत ते यावरून ध्यानात येईल.

कापडाचीही अशीच कथा. बंडीचे नेहमीचे कापड म्हणजे मांजरपाट. या शब्दाचा मांजराशी काही संबंध नाही, बरं का! आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ, नरसापूरच्या शेजारी मादापोलम नावाचे ठिकाण आहे. तिथे ईस्ट इंडिया कंपनीची कापडाची वखार होती. मादापोलमच्या कापडाचे आपल्या तोंडी मादरपाट, मांजरपाट झाले. जी गोदामाई आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण हद्दीवरून वाहते, तिच्याच पार दुसऱ्या टोकाचे नाव आपल्या बंडीला चिकटले आहे. पुढे त्याच नावाचे कापड विलायतेच्या गिरण्यांत निघू लागले आणि उलट आपल्याकडे येऊ लागले. मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना १८५४ साली झाली. १९०० च्या सुमारास निजामाची मनमाड-हैदराबाद रेल्वे जालन्यावरून सुरू झाली. त्याच रुळांवरून आपला कापूस गाठी होऊन बाहेर गेला आणि गिरणीचे रुंद पन्ह्याचे, स्वस्त कापड आत आले. पन्हा रुंद झाला तसा बेत बदलला, आणि हातमागाच्या जोखमाने कापायचे कारण उरले नाही.

त्यापाठोपाठ यंत्र आले. १८३० साली फ्रान्समधल्या तिमोनिए नावाच्या शिंप्याने शिवणयंत्राचे पेटंट घेतले, तेव्हा आपली रोजी जाईल या भीतीने पॅरिसच्या शिंप्यांनी त्याची यंत्रे मोडून टाकली. १८४६ मध्ये अमेरिकेत होवेने आणि १८५१ मध्ये सिंगरने पेटंट घेतले. १९३० नंतरच्या दशकात कलकत्त्याच्या कारखान्यातून ‘उषा’ यंत्रे निघू लागली, आणि पुढे बाजारच्या गावांतून शिंप्याच्या ओट्यावर यंत्राची खडखड ऐकू येऊ लागली. यंत्राला नावे ठेवण्याचे कारण नाही. त्याने शिंप्याची पाठ आणि डोळे दोन्ही वाचवले, आणि कित्येक विधवा बायांना घरबसल्या भाकरी मिळवून दिली. फक्त एवढेच झाले की हाताची दुहेरी शिवण, बंद वळणे, चौबगला बसवणे ही कला कोणी नव्याने शिकेना.

निजामी अमलात कचेरीचा पोशाख म्हणजे शेरवानी. वकील, अंमलदार, वतनदार शेरवानीत आणि रयत बंडीत, असा सरळ भेद होता. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान मुक्त झाले. मग नेहरू शर्ट आला, पायजमा आला, टोपी आली. बंडीला खिसे लागले. पूर्वी पैसा कनवटीला किंवा कशात असे. आता सोसायटीची पावती, बियाण्याची चिठ्ठी, एस.टी.चे तिकीट ठेवायला खिसा हवा होता. आतल्या बाजूचा चोरखिसा हा त्या काळाचा साक्षीदार आहे. बंडी पुढाऱ्याच्या अंगावर गेली तेव्हा तिला बटणे आणि उभी पट्टी लागून तिचे जाकीट झाले. आज लग्नसराईत तीच बिनबाह्यांची बंडी भारी दुकानांत चढ्या दराने विकली जाते, आणि घेणाऱ्याला आपल्या आजोबांची आठवणही होत नाही!

बायकांच्या कपड्याचा इथे उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. खणाची, पुढे गाठ मारायची चोळी हाही असाच, कापड वाया न घालवता बेतलेला कपडा. आणि आपल्या जिल्ह्यातल्या तांड्यांवरच्या बंजारा स्त्रियांची काचळी बघा. आरसे, कवड्या, रंगीत दोऱ्याचे भरगच्च टाके, आणि तेही बहुधा स्वतःच्या हाताने घातलेले. बंजारा स्त्रीने तोच वेष रोजही वापरला आणि सणालाही वापरला. तिच्याकडे सोंग वेगळे आणि संसार वेगळा असे नव्हते.

आता सोंगाकडे वळू. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीला ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हापासून मराठी रंगभूमीला पोशाखाची पेटी लागली. वासुदेवाचा घेरदार झगा, शाहिराचा अंगरखा, मावळ्याची बाराबंदी हे पोशाख लोकांच्या नजरेत ठसत गेले. पुढे बाबूराव पेंटरांचा ‘सिंहगड’ १९२३ साली आला, आणि नंतरच्या ऐतिहासिक बोलपटांनी मावळ्याचे रूप पक्के केले. यात रंगभूमीचे आणि चित्रपटाचे उपकारच आहेत. त्यांनी बाराबंदी जिवंत ठेवली. पण आज शाळेच्या कार्यक्रमाला भाड्याने येतात ते कपडे कसे असतात? चकचकीत नायलॉनचे, मागे चिकटपट्टीचे, बंद नुसते शोभेला शिवलेले. मूल घामाने भिजते, हात वर केला की बगल उसवते. मावळा असा कधीच नव्हता. त्याचा कपडा सुती होता, आणि तो त्यात दिवसभर चालत होता.

म्हणून शिक्षक मित्रांना एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. लेझीम पथकासाठी बंड्या शाळेतच शिवता येतात. छाती २८ इंच असलेल्या मुलाचा हिशेब मांडू. सैलपणासाठी ४ इंच धरले म्हणजे घेर ३२. त्याची निम्मी पाठ १६, शिवणीला १, झाले १७ इंच. पुढचे दोन भाग मिळून १६, शिवणीला १ आणि पुढच्या कडा दुमडायला २, झाले १९ इंच. सतरा आणि एकोणीस म्हणजे ३६. धुऊन आटल्यावर ३६ इंच पन्हा राहील असे सुती कापड घ्या. उंची १८ इंच आणि दुमड व शिवण मिळून २ इंच, म्हणजे २० इंच कापडात एक बंडी. वीस मुलांना ४०० इंच, सुमारे सव्वादहा मीटर. खिसे, गोट आणि बंद धरून बारा मीटर कापड पुरते. खांदे आणि बगला आधी धावदोऱ्याने जोडा, मग एक कड दुसरीवर दुमडून हातशिलाईने बसवा. ही दुहेरी शिवण सहसा उसवत नाही. गळ्याला आणि मुंढ्याला तिरप्या पट्टीची गोट लावा. पुढे तीन ठिकाणी बंदांच्या जोड्या द्या. खरी बाराबंदी करायची तर एक पदर दुसऱ्यावर जायला कापड जास्त लागेल, हे मात्र ध्यानात ठेवा. या एका कामात गणित आले, कार्यानुभव आला, आणि इतिहासही आला. मुलगेही सुई धरू देत. नामदेवांच्या धंद्यात कमीपणा कसला?

याहून महत्त्वाचे काम दुसरे आहे. गावात कुणाच्या पेटीत जुनी बंडी, कोपरी, बाराबंदी असेल तर ती मागून आणा. उसवू नका. वर्तमानपत्राच्या कागदावर सपाट पसरा आणि शिवणीच्या कडेने टाचणीने भोके पाडत जा. कागदावर तिचा बेत उतरेल. त्यावर लिहा : गाव कोणते, कपडा कुणाचा, सुमारे कोणत्या सालचा, कापड कोणते, बंद किती, चौबगला आहे की नाही. गावात हाताने बंडी शिवलेला एखादा वृद्ध शिंपी असेल तर त्याच्यापुढे कागद ठेवा आणि तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत टिपून घ्या. प्रत्येक भागाला त्याच्या तोंडी एक नाव असेल. ही नावे कोशात सापडतीलच असे नाही, आणि तो गेल्यावर ती कुणाला विचारणार?

आपला जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. नकाशावर तो तरुण आहे. पण त्याच्या मातीत भोगवर्धनचे हस्तिदंत आहे, बाजारात अबुल फजलच्या वेळची वर्दळ आहे आणि घराघरांतल्या गोधड्यांत शेकडो बंड्या आहेत. आभाळ फाटले तर ठिगळ लावता येत नाही म्हणतात. आपले काम तेवढे अवघड नाही. सुई, दोरा, कागद आणि पेन्सिल एवढ्यावर ते भागते. येत्या सुटीत एक बंडी कागदावर उतरवून घ्या.